रोबोचं पेपर कटिंग



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि एका ताईंनी लेकीचा विषय काढला. पोरगी दहावी पास. तिला आयटीआयला वेल्डर ट्रेड घ्यायचाय. घरचे म्हणतात, "कंपन्यांत आता रोबोच वेल्डिंग करतात, शिकून उपयोग काय?" सुप्याची एमआयडीसी आपल्या जिल्ह्यातच, म्हणून आम्ही हा विषय नीट समजून घेतला.

कारखान्यातला रोबो म्हणजे बाहुला नव्हे, तो एक यांत्रिक हात असतो. बहुतेकांना सहा सांधे असतात. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात असा पहिला हात कामाला लागला. आज चाकणला बजाज ऑटोच्या लाईनवर बायकाही असे हात शेजारी घेऊन काम करतात.

पण हाताला स्वतःची अक्कल नसते, शिकवावं लागतं. जुन्या पद्धतीत कामगार बटणांच्या रिमोटने तो हात एकेका जागी नेतो आणि जागा नोंदवतो. तोवर रोबोचं उत्पादन बंद. वस्तू बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

नवी पद्धत आपल्या पेपर कटिंगसारखी. ब्लाउज शिवताना आपण कापड अंगावर धरून कापत नाही, आधी कागदावर माप आखतो. तसंच वस्तूचं ड्रॉइंग संगणकात असतंच. त्यातली कोणती कड जोडायची ते निवडलं की सॉफ्टवेअर हाताचा रस्ता आखतं. हात कुठे आपटतो का, तेही पडद्यावरच दिसतं. तोवर खरा रोबो आपलं काम करत राहतो.

मग माणूस कशाला? ड्रॉइंग अचूक असलं तरी वस्तू थोडी तिरकी बसते, पत्रा उष्णतेने वाकतो. म्हणून खऱ्या वस्तूवर दोन-तीन ठिकाणं दाखवून जुळणी करावी लागते, पहिली फेरी सावकाश चालवावी लागते. करंट किती, वेग किती, टाका पक्का बसला का, हे वेल्डिंग येणाऱ्यालाच कळतं.

हातानं वेल्डिंग करायची कामं काही ठिकाणी कमी होतील, हे खरंच. पण वेल्डिंग आणि ड्रॉइंग वाचणं, दोन्ही येणारीला रोबोजवळ जागा आहे. आयटीआयत ड्रॉइंग शिकवतात; त्या तासाला दांडी नको, एवढंच आम्ही त्या पोरीला सांगितलं.

ताईंनी फॉर्म भरलाय. तुमच्या गटातली कुणी पोरगी अशीच अडून बसली असेल, तर तिच्या घरी जाऊन हे नक्की सांगा.