निर्देशगणना आणि तिचे जतन : संगणकाच्या कर्नलमधील एक हिशेब

१. निर्देश आणि निर्देश्य

भाषाविचारात ‘निर्देश’ ही संज्ञा शब्द आणि वस्तू यांच्या संबंधासाठी योजली जाते. नाम वस्तूकडे बोट दाखविते. वस्तू नाहीशी झाली तरी नाम उरते, आणि त्यामुळे भाषेचे काही बिघडत नाही. गतकालीन माणसांविषयी आपण बोलू शकतो तो याच बळावर. संगणकाच्या स्मृतीतील निर्देशाची गोष्ट निराळी आहे. तेथे निर्देश म्हणजे स्मृतीतील एका जागेचा पत्ता. त्या जागेवरील वस्तू मोडली की जागा दुसऱ्या वस्तूला दिली जाते. परंतु जुना पत्ता ज्याच्यापाशी आहे त्याला याची वार्ता नसते. तो पूर्वीच्या विश्वासाने तेथे लिहितो, आणि ते लेखन भलत्याच वस्तूवर उमटते. उलटपक्षी, सर्वांनी पत्ता टाकून दिला तरी वस्तू मोडलीच नाही, तर जागा अडून राहते. पहिल्या दोषाने यंत्र कोसळते किंवा परक्याच्या हाती जाते; दुसऱ्याने ते हळूहळू गुदमरते.

हे दोन्ही दोष टाळण्याचा एक उपाय म्हणजे निर्देशगणना. प्रत्येक वस्तूबरोबर एक अंक ठेवावयाचा. नवा निर्देश झाला की तो एकाने वाढवावयाचा, निर्देश संपला की एकाने कमी करावयाचा, आणि अंक शून्य होताच वस्तू मोडावयाची. ही पद्धती जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० साली याद्यांच्या संदर्भात मांडली. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांनी दुसरा मार्ग सुचविला : अधूनमधून साऱ्या स्मृतीचा शोध घ्यावा आणि जिच्यापर्यंत कोणताही निर्देश पोहोचत नाही ती वस्तू केर म्हणून झाडून टाकावी. आज अनेक संगणकभाषा या दुसऱ्या मार्गाने चालतात. कर्नलने, म्हणजे यंत्र आणि इतर आज्ञावल्या यांच्यामध्ये उभ्या असलेल्या कार्यप्रणालीच्या गाभ्याने, मुख्यतः पहिलाच मार्ग धरला. झाडलोटीसाठी मध्येच थांबणे त्याला परवडत नाही. वस्तू कोणत्या क्षणी मोडेल हे त्याला निश्चित कळावे लागते. शिवाय लिनक्सचा कर्नल बव्हंशी सी भाषेत लिहिलेला आहे, आणि ही भाषा स्वतः काही मोजत नाही. प्रत्येक वाढ आणि प्रत्येक घट माणसाला हाताने लिहावी लागते. या लेखनाचे जतन हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

२. तीन नियम

बीड जिल्ह्यातील कपिलधार येथे मन्मथस्वामींच्या समाधिस्थानी कार्तिक पौर्णिमेस यात्रा भरते. अशा यात्रेत एखाद्या धर्मशाळेची खोली पुष्कळांनी मिळून वापरावयाची आहे अशी कल्पना करावी. दारावर पाटी आहे. आत येणाऱ्याने तीवर एक रेघ ओढावी, जाणाऱ्याने एक पुसावी. ज्याच्या हातून शेवटची रेघ पुसली जाईल त्याने दिवा मालवून कुलूप लावावे. आत कोण आहेत, किती वेळ राहणार आहेत, हे कोणी कोणास विचारण्याची गरज नाही. निर्देशगणनेचा सारा गुण या दृष्टान्तात आहे, आणि तिची अडचणही यातच आहे.

लिनक्समध्ये २००४ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या व्यवहारासाठी ‘केरेफ’ नावाची सामाईक रचना आणली. तिच्या सोबतच्या माहितीपत्रात तीन नियम सांगितले आहेत. पहिला : निर्देशाची टिकाऊ प्रत दुसऱ्यास द्यावयाची असेल, तर देण्यापूर्वीच अंक वाढवावा. आत असलेल्या यात्रेकरूने सोबत्याची रेघ स्वतः ओढून मग त्यास आत घ्यावे, असा याचा अर्थ. स्वतःची रेघ पाटीवर असेतोवर खोली बंद होणार नाही, म्हणून हे निर्धास्तपणे करता येते. दुसरा : काम संपले की अंक कमी करावा. तिसरा नियम सूक्ष्म आहे. ज्याच्यापाशी आधीचा वैध निर्देश नाही अशाने नवा निर्देश घेताना, त्याच क्षणी दुसरा कोणी शेवटचा निर्देश सोडत नाही याची व्यवस्था करावी. बाहेरून आलेला यात्रेकरू पाटीवर एक रेघ पाहतो आणि खडू उचलतो. तेवढ्यात आतला शेवटचा माणूस ती रेघ पुसून कुलूप लावू लागतो. आता ओढलेली रेघ खोटी ठरते. म्हणून एकतर दोघांना एकाच कुलपाच्या शिस्तीत आणावे लागते, नाहीतर ‘अंक शून्य नसेल तरच वाढवावा’ ही क्रिया एका अविभाज्य पावलात करावी लागते. शून्यावरून एकावर परत येणे या हिशेबात निषिद्ध आहे. अर्थात तो अंक वाचावयाचा तर अंकाची जागा तरी शिल्लक असली पाहिजे. म्हणून पुष्कळ ठिकाणी, चालू असलेली वाचने संपेतो प्रत्यक्ष मोडणी लांबणीवर टाकण्याची योजना याच्या जोडीला असते.

३. नावांचा दोष

नियम इतके थोडे असूनही चुका वारंवार होतात. याचे कारण गणितात नसून बव्हंशी नामकरणात आहे, आणि भाषेच्या अभ्यासकास येथेच विशेष विचार करण्याजोगे काही आढळते. कर्नलच्या परिभाषेत वाढविण्याच्या क्रियेस ‘गेट’ आणि घटविण्याच्या क्रियेस ‘पुट’ म्हणण्याचा संकेत आहे. जोडी डोळ्यांसमोर असली की वाचणारा एकीस पाहून दुसरी शोधतो. परंतु संकेत सर्वत्र पाळला जात नाही. यंत्ररचनेच्या वृक्षातील एखादी नोंद शोधून देणारी काही कार्ये ‘फाइंड’ या क्रियापदाने सुरू होतात. ‘शोधणे’ या शब्दात ‘घेणे’ ध्वनित होत नाही. तथापि ही कार्ये सापडलेल्या नोंदीचा अंक वाढवूनच ती हाती देतात. एवढेच नव्हे, तर जेथून शोध सुरू करावा म्हणून जी नोंद त्यांना दिली जाते, तिचा अंक ती कमीही करतात. नावावर विसंबणारा लेखक एके ठिकाणी सोडण्यास विसरतो, तर दुसऱ्या ठिकाणी नकळत दोनदा सोडतो.

दुसरे उदाहरण वीजबचतीच्या व्यवस्थेतील आहे. उपकरण जागे ठेवण्यासाठी त्याचा वापर-अंक वाढवून त्यास उठविणारे ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ हे कार्य उठविण्यात अपयशी ठरले, तरी अंक वाढलेलाच ठेवते. अपयश म्हणजे काहीच घडले नाही, असा सर्वसामान्य समज असल्याने लेखक अपयशाच्या वाटेवर घट लिहीत नाहीत. हा दोष इतक्या ठिकाणी आढळला की अपयशानंतर अंक पूर्ववत करणारे निराळ्या नावाचे कार्य २०२० साली जोडावे लागले.

तिसरा प्रकार आवर्तनाचा. वृक्षातील मुले एकामागून एक पाहणारी रचना प्रत्येक पावलास पुढच्याचा अंक वाढविते आणि मागच्याचा कमी करते. शेवटपर्यंत गेल्यास हिशेब जुळतो. मात्र हवे ते सापडले म्हणून मध्येच बाहेर पडल्यास एक निर्देश हातात राहतो. येथे वाढ आणि घट ही दोन्ही रचनेच्या पोटात दडलेली असल्याने, वाचणाऱ्यास चूक दिसण्याजोगे पानावर काहीच नसते.

४. अंकाची मर्यादा

एखादी घट राहिली तर थोडी स्मृती वाया जाईल, एवढेच. असे पूर्वी पुष्कळांस वाटे. जानेवारी २०१६ मध्ये उघड झालेल्या एका दोषाने हा समज खोटा ठरविला. कर्नलमधील किल्ल्यांच्या जुडग्याचा अंक एका विशिष्ट वाटेवर वाढत असे, पण कमी होत नसे. हा अंक ३२ द्विमान स्थानांचा. त्यात ४,२९,४९,६७,२९६ इतक्या निरनिराळ्या संख्या मावतात, आणि पुढची वाढ त्यास पुन्हा शून्यावर आणते. तीच विनंती अब्जावधी वेळा करून अंक शून्यावर आणला, की वापरात असलेली वस्तू मोडली जाई. मग त्या जागी स्वतःची सामग्री बसवून सामान्य वापरकर्त्यास यंत्राचा सर्वाधिकार मिळविता येई. अँड्रॉइड फोनचा कर्नलही लिनक्सच असल्याने हा प्रश्न मोठ्या संगणकांपुरता राहिला नाही. यात्रेतल्या माणसाच्या खिशातील फोनमध्येही याच जातीचे अंक अखंड वरखाली होत असतात.

यानंतर २०१७ साली ‘रेफकाउंट-टी’ हा स्वतंत्र प्रकार कर्नलमध्ये आला आणि साधे अंक ठिकठिकाणी त्यात बदलण्यात आले. हा अंक मर्यादेपलीकडे जाऊ लागला की उलटत नाही, थिजतो. शून्यावरून वाढविण्याचा यत्न झाल्यास इशारा देतो. थिजलेली वस्तू मग कधीच मोडली जात नाही. म्हणजे दोन अनिष्टांपैकी गळती पत्करली आणि चुकीची मोडणी टाळली. पाटी भरली तर खोली कायम उघडी ठेवावी, माणसे आत असता कुलूप लावू नये, असा हा विवेक आहे.

५. संख्या आणि नाव

अंक ‘किती’ हे सांगतो, ‘कोण’ हे सांगत नाही. जाळ्याचे एखादे उपकरण काढून टाकताना त्याचा अंक शून्य होत नसेल, तर कर्नल थांबून राहतो आणि त्याच आशयाचा संदेश पुन्हा पुन्हा देतो. राहिलेला निर्देश कोणाचा, हे मात्र त्यातून कळत नाही. म्हणून २०२२ साली निर्देशांचा मागोवा ठेवणारी सोय आली. तीत प्रत्येक वाढीस एक पावती मिळते आणि घटीच्या वेळी तीच पावती परत द्यावी लागते. रेघेच्या जागी नाव लिहिण्याचाच हा प्रकार. तो खर्चिक असल्याने मुख्यतः दोषशोधनाच्या वेळी चालू करतात.

एक उणीव मात्र पद्धतीच्या मुळातच आहे, आणि हॅरोल्ड मॅकबेथ यांनी ती १९६३ सालीच दाखविली होती. दोन वस्तू परस्परांचा निर्देश करीत असतील, तर बाहेरचे सारे निर्देश संपले तरी त्यांचे अंक शून्य होत नाहीत. दोन सोबती एकमेकांच्या निघण्याची वाट पाहत बसले, तर खोली कधीच रिकामी व्हावयाची नाही. युनिक्स पद्धतीचे सॉकेट एकमेकांतून पाठविता येत असल्याने कर्नलमध्ये अशी वर्तुळे खरोखर निर्माण होतात. तेवढ्यापुरता कर्नलही मॅकार्थींच्या झाडूचा आश्रय करतो. हा झाडू २०२४ साली नव्याने लिहिण्यात आला, आणि वर्तुळे शोधण्यासाठी रॉबर्ट टार्जन यांची रीत त्यात योजली गेली.

६. समारोप

अलीकडचा कल घट लिहिण्याचे काम माणसाकडून काढून घेण्याकडे आहे. चलाची व्याप्ती संपताच निर्देश आपोआप सोडण्याची सोय २०२३ पासून कर्नलच्या सी-लेखनात आली; पुढील वर्षी वर सांगितलेल्या आवर्तनाचाही तसा पर्याय उपलब्ध झाला. कर्नलमध्ये २०२२ च्या अखेरीस प्रवेश मिळालेल्या रस्ट भाषेत तर सोडण्याचा नियम वस्तूच्या प्रकारातच गोवता येतो. तथापि लक्षावधी ओळींचे जुने लेखन तसेच आहे, आणि ते जपणाऱ्यास प्रत्येक कार्याविषयी तीन प्रश्न विचारावेच लागतात : याने निर्देश दिला की नुसता दाखविला? दिला असल्यास तो कोणी सोडावयाचा? आणि अपयशाच्या वाटेवर काय उरते? या प्रश्नांची उत्तरे कार्याच्या नावातच मिळावीत, ही अपेक्षा तांत्रिक असण्याआधी भाषिक आहे. जेथे नाव खरे बोलते तेथे परीक्षण करणाऱ्यास चूक दिसते. जेथे ते काही लपविते तेथे अनुभवी लेखकही तीच चूक पुन्हा करतो.