कॉलेजवर जगलेले गाव : लॅम्पिटर

रविवारी आउटपास मिळाला की आपण ज्या बाजाराकडे धावतो, तो बाजार आपल्या सुट्टीत कसा दिसतो हे कधी पाहिले आहे का? गेल्या वर्षी मी सगळ्यांच्या दोन दिवस नंतर घरी निघालो. समोसेवाल्याने कढईसुद्धा चढवली नव्हती. गाव शाळेला सांभाळते, तशी शाळाही गावाला सांभाळते, हे मला तेव्हा कळले.

ब्रिटनमधील वेल्स प्रदेशात असेच एक गाव आहे. त्याचे नाव लॅम्पिटर. तायवी नदीकाठी, मेंढ्यांच्या हिरव्या कुरणांमध्ये ते वसले आहे. वस्ती तीन हजारांच्या आत. वेल्श भाषेतील त्याच्या मूळ नावाचा अर्थ ‘स्टीफनच्या पुलाजवळचे पीटरचे चर्च’ असा होतो. आसपासच्या शेतकऱ्यांची ही जुनी बाजारपेठ. रेल्वे येण्यापूर्वी या भागातील गुरांचे कळप पायी हाकत थेट इंग्लंडच्या बाजारात नेत असत.

त्या काळी वेल्समध्ये एकही विद्यापीठ नव्हते. पाद्री होऊ इच्छिणाऱ्या साध्या घरच्या मुलांना ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा खर्च झेपत नसे. त्यांच्यासाठी बिशप टॉमस बर्जेस यांनी येथे कॉलेज काढले. १८२२ मध्ये पायाभरणी झाली आणि १ मार्च १८२७ रोजी, म्हणजे वेल्सचे संत डेव्हिड यांच्या दिवशी, सेंट डेव्हिड्स कॉलेज सुरू झाले. १८५२ मध्ये त्याला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. वेल्समधील उच्च शिक्षणाची ही सर्वांत जुनी संस्था.

येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वास्तुविशारद कॉकरेल यांनी बांधलेली, मध्ये चौक असलेली इमारत आहे. आवारातच नॉर्मन काळातील गढीची टेकडी आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांसाठी कॉलेजचा ग्रंथसंग्रह प्रसिद्ध आहे. खेळाडूंसाठी खास गोष्ट म्हणजे, वेल्समधील नोंद असलेला पहिला रग्बी सामना १८६६ मध्ये लॅम्पिटर आणि जवळच्या लॅन्डव्हरी कॉलेजच्या मुलांमध्ये झाला. आज रग्बी हा वेल्सचा जीव की प्राण आहे!

पण १९६५ मध्ये गावची प्रवासी रेल्वे बंद झाली. पुढे कॉलेजातील विद्यार्थीही घटत गेले. अखेर २०२५ मध्ये पदवीचे वर्ग कार्मार्दन शहरात हलवण्यात आले. गावकऱ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण निर्णय बदलला नाही. जवळजवळ दोनशे वर्षे ज्या दुकानदारांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या पाहिल्या, त्यांना आता रोजच सुट्टीचे दिवस.

जुनी इमारत पाहायला पाहुणे येतील, फोटो काढून निघून जातील. विद्यार्थी मात्र तीन वर्षे राहतो आणि रोज भूक घेऊन बाजारात येतो. म्हणून मी ठरवले आहे, पुढच्या आउटपासला समोसेवाल्याशी घासाघीस करायची नाही.