बरणीतला साप

दर व्याख्यानानंतर एखादा मुलगा सगळे पांगेपर्यंत थांबतो आणि मग हळूच विचारतो, "सर, एक साप घरी ठेवलाय. त्याला खायला काय देऊ?" यवतमाळ जिल्ह्यात फिरताना हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की आज तिथूनच सुरुवात करतो.

मागच्या पावसाळ्यात असाच एकजण बरणी घेऊन आला. आत वीतभर लांबीचं पिल्लू. "अजगर आहे सर, पऱ्हाटीत सापडला." चार दिवस तो ते हातावर खेळवत होता. मी बरणी उजेडाकडे धरली. अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, डोकं त्रिकोणी, मान बारीक. अजगर कुठला, घोणस होती ती! आपल्याकडे काहीजण परड म्हणतात, तीच. घोणस पिल्लांनाच जन्म देते, आणि त्या पिल्लांना पहिल्या दिवसापासून विष असतं. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे असतात. दुरक्या घोणस म्हणून एक बिनविषारी साप आहे, त्याची शेपटी आखूड असते. पण हा फरक बरणीबाहेरून बघायचा, हातात घेऊन नाही. चार वर्षं साप बघणारे लोकही इथे फसलेत, बरं का.

आता खाण्याचं. शेतातून पकडलेला साप बरेचदा खातच नाही. त्याला लपायला जागा नाही, सारखी माणसं, सारखी हालचाल. भ्यालेला साप भुकेला असूनही तोंड उघडत नाही. आणि खाल्लं तरी ते पचवायला त्याला बाहेरची ऊब लागते, कारण आपल्यासारखी शरीरातली भट्टी त्याच्याकडे नाही. गार पडला की पोटातला उंदीर सडतो, साप तो ओकून टाकतो. मग घरची आजी म्हणते, दूध द्या. साप दूध पीत नाही. नागपंचमीला पितो असं दिसतं, ते त्याला आधी तहानलेलं ठेवलेलं असतं म्हणून.

मांडुळाची तर वेगळीच कथा. दोन तोंडांचा, धन आणणारा म्हणून लोक डब्यात ठेवतात. अहो, तोंड एकच आहे! घाबरला की तो डोकं वेटोळ्याखाली लपवतो आणि बोथट शेपटी पुढे करतो, एवढंच. भुसभुशीत मातीत राहून उंदीर खाणारा हा प्राणी. त्याने धन आणलं असेल तर ते शेतात, डब्यात नाही.

आणि कायदा? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या रानातला साप पकडून पाळता येत नाही. विषारी असो की बिनविषारी.

"पण सर, पुण्यामुंबईकडे लोक बॉल पायथन पाळतात ना?" पाळतात. तो आफ्रिकेतला साप. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर साप घेऊच नका. कागदोपत्री घेतलाच, तर पहिला आठवडाभर हात लावायचा नाही. लपायला दोन अंधारी खोपटी, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला. जड भांड्यात पाणी. उबदार बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २६ च्या आसपास. इथे एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही. ती पुस्तकं थंड देशांतली, ती गरम कसं करायचं ते सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात काचेची पेटी ठेवली तर दुपारपर्यंत साप मेलेला असेल. तुम्हाला हीटरआधी गार खोली लागेल. वीज गेली तर काय, हे साप आणण्याआधी ठरवा. डोळे दुधाळ दिसले तर कात टाकायची वेळ आहे, तेव्हा त्याला सोडा एकटं.

बरणीवाल्या मुलाला मी झाकण उघडू दिलं नाही. झाकणाला भोकं होती, ती तशीच ठेवून बरणी सावलीत ठेवली, वर कापड टाकलं, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि माणसं येईपर्यंत तिथेच बसलो. घरी साप असेल तर तुम्हीही एवढंच करा. चावा झालाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखान्यात जा. तिथे प्रतिविष मिळतं. साप पकडून सोबत न्यायची गरज नाही.