बोटं गेली, हक्क नाही गेला!

कॉलेज करता करता जिनिंगमध्ये, दालमिलमध्ये, साइटवर कामाला जाताय? मग कामावर अपघात झाला तर काय मिळतं, कुणाकडून मिळतं आणि ते कसं मागायचं, हे आजच वाचून ठेवा. अपघात झाल्यावर वाचायला वेळ नसतो.

समजा, तुमच्याच वर्गातला एक दोस्त आहे. बी.ए. दुसऱ्या वर्षाला, वय 20. दिवाळी झाली, कापूस निघाला आणि गावाजवळची जिनिंग सुरू झाली. घरी पैशांची ओढाताण, म्हणून हा रात्रपाळीला जायला लागला. महिन्याचे 12 हजार. सकाळी कॉलेजात शेवटच्या बाकावर झोपा काढायचा, त्यावरून तुम्ही त्याला चिडवायचेही.

आणि एक दिवस तो आलाच नाही. मशीनमध्ये अडकलेली रुई काढताना उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तुम्ही भेटायला जाता. खाटेवर तो बसलेला, हाताला पट्टी, आणि शेजारीपाजारी जमलेले. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर दहा हजार हातावर ठेवले, म्हणून घरचे त्याचे उपकार मानताहेत. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "अबे, मशिनीत हात तूच घातला ना? मंग मालकाचा काय दोष?" दुसरा म्हणतो, "कायले कोर्टकचेरीच्या भानगडीत पळता? दिले तेवढे घ्या अन् गप बसा."

इथंच गडबड होते. कारण कायद्याच्या हिशोबानं त्या दोस्ताचे निघतात 3 लाख 22 हजार 560 रुपये. हा आकडा कसा आला, ते बघू.

मुळात कायदा काय म्हणतो?

हा कायदा नवा नाही. 1923 साली तो झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. तेव्हा त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. 2010 पासून नाव बदलून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झालं. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून तो 'सामाजिक सुरक्षा संहिता, 2020' या मोठ्या कायद्यात सामावला गेला. नावं बदलली, पण गाभा शंभर वर्षं तोच आहे: कामामुळे आणि काम करत असताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकाची.

यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे नीट लक्षात घ्या. मशीन जुनं होतं की नवं, सुपरवायझर हजर होता की नव्हता, हा वाद भरपाईसाठी लागत नाही. अपघात कामातून झाला, एवढं पुरेसं असतं.

मग 'तुझीच चूक' या वाक्याचं काय? कायद्यात मोजकेच अपवाद आहेत. कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली होता, त्यानं सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडला किंवा मशीनचं संरक्षक झाकण मुद्दाम काढून टाकलं, तर मालक भरपाई नाकारू शकतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर जुन्या कायद्यात हे अपवादही मालकाच्या कामी येत नव्हते. पहाटे चार वाजता डोळ्यांवर झापड आली आणि हात सरकला, याला 'मुद्दाम' म्हणत नाहीत.

आणि हो, हा कायदा फक्त पर्मनंट लोकांसाठी आहे, हाही गैरसमजच. हंगामी, रोजंदारीवरचा, ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो. आयटीआय करून अप्रेंटिसशिप करणाऱ्यांसाठी तर अप्रेंटिस कायद्यातच ही भरपाई लिहून ठेवलीय.

चला, हिशोब करू

कॅल्क्युलेटर काढा. तीन गोष्टी लागतात: पगार, वय आणि दुखापतीची टक्केवारी.

कायद्याला एक यादी जोडलेली आहे. कोणता अवयव गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, ते त्यात दिलंय. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, तीन गेली तर 30. एकटा अंगठा गेला तरी 30 टक्के, कारण अंगठ्याशिवाय पकड नाही. एका हाताची चारही बोटं गेली तर 50. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर 40 टक्के. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर सरळ 100.

दुसरी यादी वयाची. वय जितकं कमी, तितका गुणक मोठा, कारण पुढे कमवायची वर्षं जास्त. 20 वर्षांसाठी हा गुणक 224 आहे, 30 साठी 207.98, तर 40 साठी 184.17.

आता आपल्या दोस्ताचं गणित. पगार 12,000, त्याचे 60 टक्के म्हणजे 7,200. गुणिले 224 म्हणजे 16 लाख 12 हजार 800. ही झाली 100 टक्के अपंगत्वाची रक्कम. त्याची दोन बोटं गेली, म्हणून तिचे 20 टक्के: 3,22,560 रुपये. दवाखान्याचा खर्च यात धरलेला नाही. तो मालकानं वेगळा द्यायचा असतो. म्हणजे त्यानं बिल भरलं ते उपकार नव्हते.

मृत्यू झाला तर 60 च्या जागी 50 टक्के धरतात. 25 वर्षांचा तरुण, गुणक 216.91, पगार 15,000, तर घरच्यांना 16 लाख 26 हजार 825 रुपये. पगार याहून जास्त असला तरी 2020 पासून हिशोबात महिन्याचे जास्तीत जास्त 15,000 धरले जातात.

आणि हाड मोडलं, दोन-तीन महिने घरी बसावं लागलं, पण पुढे बरं वाटलं तर? तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के रक्कम मिळते. म्हणजे महिन्याला अर्धा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं.

एक खुबी आणखी. यादीतली टक्केवारी हा नेहमीच शेवटचा शब्द नसतो. एका सिनेमागृहात काम करताना पडलेल्या सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, एक हात तर शाबूत आहे, मग पूर्ण अपंगत्व कसं? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1975 मध्ये निकाल दिला: एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच. भरपाई अपघात झाला त्याच दिवसापासून देणं लागते, हेही त्याच निकालात ठरलं. रक्कम होती 9,800 रुपये. पण तो निकाल आजही देशभरच्या दाव्यांत पुढे केला जातो.

पगाराच्या चिठ्ठीवर बघा

दावा करण्याआधी एक गोष्ट तपासा. पगारातून 'ईएसआय' कापला जातो का?

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना कर्मचारी राज्य विमा असतो. कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. 12 हजारांवर तुमचे जातात फक्त 90 रुपये. पण अपघात झाला तर उपचार, बरे होईपर्यंत सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम आणि कायमचं अपंगत्व आलं तर टक्केवारीनुसार जन्मभर दरमहा पैसे, हे सगळं विमा महामंडळ देतं. मालकानं हप्ता भरला नाही, तरी तुमचा हक्क बुडत नाही.

मात्र ईएसआय लागू असेल तर त्याच दुखापतीसाठी वर सांगितलेली भरपाई वेगळी मागता येत नाही. दोन्हींपैकी एकच वाट.

बांधकामाच्या साइटवर असाल तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी आहे का, ते पाहा. नोंदणी असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना 5 लाखांची मदत आहे. ट्रक किंवा टेम्पोवर ड्रायव्हर-क्लीनर असाल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, यातलं एक निवडता येतं.

"तो माहा मानूस नाही, ठेकेदाराचा आहे"

हे वाक्य तर पाठच करून ठेवा, कारण ते ऐकावं लागणारच. एमआयडीसीत भरती बरेचदा ठेकेदारामार्फत होते. अपघात झाला की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही. कायद्यात याला उत्तर आहे. काम मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात त्याच्या आवारात झाला असेल, तर भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. पुढे ती ठेकेदाराकडून वसूल करायची की नाही, हे त्यांचं ते बघतील.

तसंच, "मला काही नको" असं लिहून घेतलेल्या कागदाला किंमत नसते. भरपाईचा हक्क सोडायचा करार कायद्यानं रद्दबातल ठरतो. आपसात एकरकमी तडजोड केली, तर तिची नोंद भरपाईच्या प्राधिकाऱ्याकडे व्हावी लागते, म्हणजे रक्कम फारच कमी असेल तर ती रोखता येते.

कामावर जाताना झालं तर?

आपल्याच राज्यातली गोष्ट आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात एक रखवालदार होता. पाळी पहाटे 3 ते सकाळी 11. 22 एप्रिल 2003 च्या रात्री तो मोटारसायकलवर ड्युटीला निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. भरपाई आयुक्तांनी 3 लाख 26 हजार 140 रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानं ते रद्द केले: अपघात कामावर नव्हे, रस्त्यावर झालाय. शेवटी 29 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. घरातून कामावर जाता-येताना झालेला अपघात आणि नोकरी यांचा वेळ, ठिकाण, परिस्थिती यांनी संबंध जुळत असेल, तर तो कामातलाच अपघात. रक्कम व्याजासह कायम झाली.

बावीस वर्षं लागली. पण त्या बाईंनी पाठपुरावा सोडला नाही, म्हणून आज पहाटे बडनेरा रोडनं किंवा नांदगाव पेठच्या दिशेनं पाळीला जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा आधार आहे. नव्या संहितेतही आता ही तरतूद आहे.

पहिल्या आठवड्यात काय करायचं?

• आधी उपचार. पण दवाखान्यात, मग ते अमरावतीचं इर्विन असो, अकोल्याचं सर्वोपचार असो की खासगी, केसपेपरवर खरं कारण लिहून घ्या. "घरी पडला" असं लिहिलं गेलं, तर पुढे ते पुसणं फार जड जातं.

• मालकाला लेखी कळवा: तारीख, वेळ, जागा, काय झालं. पोच घ्या. पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा. व्हॉट्सॲपवरही टाका, स्क्रीनशॉट ठेवा.

• तुम्ही तिथं कामाला होता, याचा पुरावा गोळा करा. हजेरीचा फोटो, गेटपास, पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, ठेकेदाराचे मेसेज, सोबतच्या दोघा-तिघांची नावं. रोख पगार घेणाऱ्यांनी तर हे आजपासूनच सुरू करावं.

• सगळी बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड एका फाइलमध्ये. उपचार संपल्यावर डॉक्टरांकडून अपंगत्वाच्या टक्केवारीचा दाखला.

• कोऱ्या कागदावर सही नाही. न वाचता सही नाही.

• पैसे मिळत नसतील तर कामगार आयुक्त कार्यालयात जा, दावा कुठं लावायचा ते तिथं कळेल. जिथं कामगार न्यायालय आहे तिथले न्यायाधीशच आपल्याकडे हे दावे ऐकत आलेत. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करा.

• वकिलाचे पैसे नाहीत? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना तिथं मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन नंबर 15100.

आणि मालकानं टाळाटाळ केली तर? महिनाभरात पैसे दिले नाहीत, तर जुन्या कायद्यानं 12 टक्के व्याज लागतं. आपल्या दोस्ताच्या रकमेवर ते वर्षाला 38 हजार 700 च्या आसपास होतं. उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा.

कायदा जिथं कमी पडतो

सगळं गोडगोड सांगून थांबणं बरोबर नाही. आपल्या वऱ्हाडात सगळ्यात जास्त हात राबतात ते शेतात आणि तिथंच हा कायदा लंगडा पडतो. शेतीत यंत्रावर काम करणारा मजूर यात येतो. पण पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्याला मालक कोण, पगार किती, हे सिद्ध करतानाच दम लागतो. 2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घरच्यांना सरकारनं दोन लाखांची मदत जाहीर केली. ती मदत होती, हक्काची भरपाई नव्हती. शेतकरी अपघाताची सरकारी योजनाही सातबारावर नाव असलेल्याच्या घरापुरती. ज्याच्याकडे जमीनच नाही, तो त्यात बसत नाही.

बाइकवर पार्सल पोचवणाऱ्या पोट्ट्यांचंही तसंच. ॲप त्यांना 'पार्टनर' म्हणतं, कर्मचारी म्हणत नाही. त्यांनी ॲपमधला अपघात विमा आजच उघडून वाचावा: रक्कम किती, किती दिवसांत कळवायचं आणि लॉग-इन नसताना अपघात झाला तर काय.

आता पुन्हा त्या दोस्ताच्या खाटेशी या. तुम्ही शिकलेले आहात, हातात फोन आहे, वाचता-लिहिता येतं. त्याला फुलं-फळं नकोत. त्याच्या शेजारी बसा, मालकाला द्यायचा अर्ज लिहून द्या. उजव्या हाताची बोटं गेलीत त्याची, त्याला सध्या लिहिता येत नाही.