कबुलीची भाषा

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत ९९० क्रमांकाचे एक छोटे कलम आहे. पापनिवेदन करणाऱ्याला हवा तर दुभाष्या घेता येतो. ऐकलेले कुणापुढे बोलायचे नाही हे बंधन मात्र धर्मगुरूइतकेच त्या दुभाष्यावरही आहे. वरवर हे कलम एखाद्या अपवादासाठी असावे असे वाटते. कोकण किनाऱ्याचा इतिहास पाहिला, की भाषेची ही अडचण किती जुनी आहे ते कळते.

प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून एकदा तरी पापे सांगावीत, हा नियम १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला आणि तिथे अडला. धर्मगुरू पोर्तुगीज, पापे कोकणी. प्रार्थना पाठ करून घेता येत होत्या. पण बांधावरचे भांडण, घरातली मारहाण, व्यवहारातली लबाडी तिसऱ्या माणसादेखत कोण सांगणार? तमिळ किनाऱ्यावर काम करणारे जेझुइट हेन्रिक हेन्रिकेस यांनी १५८०मध्ये पापनिवेदनाची तमिळ पुस्तिकाच छापून घेतली. गोव्यात १६०६च्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा न शिकलेल्या धर्मगुरूकडे गावचे चर्च सोपवू नये असे ठरवले. १५७९मध्ये गोव्यात आलेले फादर स्टीफन्स आपल्याला १६१६च्या मराठी ‘क्रिस्तपुराणा’मुळे ठाऊक आहेत. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मागे, १६४०मध्ये, रायतूर येथे छापले गेले. पुराण ऐकवायला भाषा बोलता आली की भागते; कबुली ऐकायला ती समजावी लागते. पुढे १६८४च्या फर्मानाने हे ओझे उलटे फिरवले. आता तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायचे ते लोकांनी.

प्रॉटेस्टंट परंपरेत धर्मगुरूच्या कानाची सक्ती नाही. कबुली थेट देवापाशी. तिचे महाराष्ट्रातले सर्वात गाजलेले उदाहरण केडगावचे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि स्त्रिया राहत. वेल्समधल्या धर्मजागृतीच्या बातम्या येत होत्या आणि १९०५च्या आरंभापासून इथेही प्रार्थना चालल्या होत्या. ३० जूनच्या संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत होत्या. मुली एकाएकी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, इतक्या की रमाबाईंना थांबावे लागले. पुढचे दिवस रडण्यात, पापे कबूल करण्यात गेले. नेहमीचे वर्ग बंद ठेवावे लागले. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी हे वर्षभरात लिहून प्रसिद्ध केले. शेकडो जणी एकदम बोलत असताना कुणाचे शब्द कुणाला कळणार? पण तिथे माणसाने ऐकणे अभिप्रेतच नव्हते, त्यामुळे भाषेचा प्रश्नही उरला नाही.

आज रविवारच्या उपासनेत या दोन टोकांमधला मार्ग रुळला आहे. सगळी मंडळी एका सुरात ठरलेल्या शब्दांत अपराध मान्य करते आणि क्षमा मागते. कॅथलिक मिस्सेचा आरंभ असाच होतो आणि अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही सामुदायिक कबुली असते.

कल्याणपासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या पट्ट्यात सामुदायिक आणि खासगी कबुलीतल्या फरकाला व्यवहाराची धार येते. अंबरनाथची आयुध निर्माणी आणि विम्कोचा आगपेटी कारखाना यांसारख्या उद्योगांनी निरनिराळ्या प्रांतांतली माणसे इथे आणली. उल्हासनगर तर फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. मल्याळी सीरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठी १९८८मध्ये कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अशा वस्तीत उपासनेच्या भाषांचे वेळापत्रक लावता येते, कारण उपासनेचे शब्द छापलेले असतात आणि परकी भाषाही सवयीने तोंडात बसते. खासगी पापनिवेदनाला मात्र छापील मजकूर पुरत नाही. तिथे माणसाला आपली वाक्ये आपणच जुळवावी लागतात, तीही लाजेने अडखळत. शिकलेल्या भाषेत ‘मी चुकलो’ एवढे म्हणता येते; कुणाशी, कशासाठी आणि कसा चुकलो, हे सांगायला घरातली भाषा लागते. म्हणून बहुभाषिक गावात धर्मगुरूला किती भाषांत प्रवचन करता येते यापेक्षा किती भाषांत ऐकता येते, हे अधिक मोलाचे ठरते.