पहिली पंधरा मिनिटं

जॉन क्लीज 'लाइफ ऑफ ब्रायन' हा आपला जुना विनोदी सिनेमा रंगभूमीवर आणणार, ही बातमी २०२३ मध्ये गाजली ती एकाच प्रवेशामुळे. स्वतःला लॉरेटा म्हणवून घेणारा आणि मूल जन्माला घालण्याचा हक्क मागणारा स्टॅन नाटकात ठेवायचा की गाळायचा? क्लीज यांनी गाळायला नकार दिला आणि चर्चा तिथेच घोटाळत राहिली. मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. १९७९ मध्ये जो सिनेमा धर्मबुडवा म्हणून लोकांनी धारेवर धरला, त्याच्याबद्दल बोलताना आता धर्माचा विषयही कुणी काढत नव्हतं. तो मूळ वाद मात्र संपलेला नाही. आपल्याकडे तर दर दोन-चार वर्षांनी नव्या सिनेमाच्या नावाने तोच उभा राहतो. म्हणून तो मुळापासून पाहायला हवा.

९ नोव्हेंबर १९७९. ब्रिटनमध्ये सिनेमा लागून जेमतेम एक दिवस झालेला. बीबीसीवरच्या चर्चेत सूत्रधार टिम राइस. एका बाजूला हा सिनेमा करणाऱ्या मॉन्टी पायथन या विनोदी नटमंडळींपैकी क्लीज आणि मायकेल पेलिन. समोर जांभळ्या झग्यातले, गळ्यात मोठा क्रूस घातलेले सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड आणि त्यांच्या जोडीला पत्रकार माल्कम मगरिज. हे मगरिज आपल्याला अगदीच परके नाहीत. तरुणपणी त्यांनी केरळात आलुव्याच्या कॉलेजात शिकवलं, पुढे कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये नोकरी केली. मदर तेरेसांचं नाव जगभर पोचवणारा १९६९ चा बीबीसीचा माहितीपट त्यांचाच. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे ते काही वर्षं संपादकही होते. म्हणजे विनोदाशी ज्याचं वाकडं आहे, असा हा माणूस नव्हता.

तरीही चर्चा झाली ती एकतर्फी तुच्छतेची. पेलिन अभ्यास करून आले होते, मुद्द्यावर बोलू पाहत होते. मगरिज सिनेमाला दहाव्या दर्जाचा म्हणत राहिले. शेवटी बिशपांनी सुनावलं की तुम्हाला तुमची तीस चांदीची नाणी मिळतीलच. ज्यूडासने येशूला ज्या रकमेसाठी धरून दिलं, ती ही नाणी. विनोदी नटांना तोंडावर ज्यूडास म्हटलं गेलं होतं. पेलिन एरवी सौम्य म्हणून ओळखले जातात, पण त्या रात्री त्यांचा संताप लपत नव्हता.

पुढे कळलं ते असं: बिशप आणि मगरिज दोघेही सिनेमाला उशिरा पोचले होते. सुरुवातीची सुमारे पंधरा मिनिटं त्यांनी पाहिलीच नव्हती.

काय आहे त्या पंधरा मिनिटांत? पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष नवजात येशूसाठी भेटी घेऊन चुकीच्या गोठ्यात शिरतात. तिथे ब्रायन नावाचं बाळ आहे. चूक लक्षात आल्यावर ते परत येतात, दिलेलं सोनंनाणं त्याच्या आईच्या हातून काढून घेतात आणि खऱ्या बाळाकडे जातात. मग येतं येशूचं डोंगरावरचं प्रवचन. केनेथ कॉली यांनी हा येशू पूर्ण गांभीर्याने उभा केला आहे, त्याच्यावर एकही विनोद नाही. कॅमेरा मागे मागे सरकतो आणि गर्दीच्या शेवटच्या टोकाला पोचतो. तिथे शब्द नीट पोचत नाहीत. शांती प्रस्थापित करणारे धन्य, याऐवजी चीज बनवणारे धन्य, असं काहीतरी कानावर पडतं. लगेच एक शहाणा खुलासा करतो की हे शब्दशः घ्यायचं नाही, दुधाचे पदार्थ बनवणारे सगळेच त्यात आले. येशू वेगळा, ब्रायन वेगळा, आणि विनोदाचं लक्ष्य म्हणजे ऐकणारे, हे इथेच ठरून जातं. हा भाग चुकला की ब्रायन म्हणजेच येशू असं वाटणं अगदी शक्य आहे, आणि मग पुढचं प्रत्येक दृश्य विटंबना वाटतं.

पुढे ब्रायनलाच तारणहार समजून लोक त्याच्या मागे लागतात. पळताना त्याच्या पायातलं पायताण गळून पडतं. एकजण ते उंच धरतो: ही खूण आहे, आपणही एका पायातलं काढायचं. दुसऱ्याच्या मते पायताणं गोळा करायची. तिसरी म्हणते, पायताण टाका, भोपळ्याच्या मागे चला. मिनिटभरात पंथ, उपपंथ आणि भांडण. श्रद्धेचं दुकान कसं उभं राहतं हे इतक्या थोडक्यात दाखवणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

मराठीत याच्या जवळ जातो तो उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' (२०११). केशाला औदुंबराखाली दत्ताचा साक्षात्कार होतो, आणि त्याच्या निर्मळ श्रद्धेवर अख्खं गाव बाजार मांडतं. दवाखान्याची योजना मागे पडते, देऊळ उभं राहतं. तिथेही दत्ताला धक्का नाही आणि केशाच्या भक्तीलाही नाही. शेवटी गावाचा बाजार पाहून कळवळतो तो खरा भक्तच.

'ब्रायन'साठी पैसा कुठून आला, हेही या संदर्भात महत्त्वाचं आहे. ईएमआय कंपनीने चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना अंग काढून घेतलं. तेव्हा घर गहाण टाकून पैसे उभे केले ते बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी. हृषिकेशला ध्यान शिकलेले, 'हरे कृष्ण' जपणारे, लंडनजवळची भलीमोठी वास्तू कृष्णभक्तांना देऊन टाकणारे हॅरिसन. इतका श्रद्धाळू माणूस या सिनेमामागे उभा राहिला. कारण एकच, त्यांना तो पाहायचा होता. श्रद्धा आणि हसणं एका माणसात नांदू शकतं, याचा याहून ठळक पुरावा मला नको.

बंदीचा इतिहास लांबलचक आहे. आयर्लंडमध्ये १९८७ पर्यंत बंदी होती. नॉर्वेत बंदी आल्यावर स्वीडनमध्ये जाहिरातच झाली की सिनेमा इतका विनोदी आहे की नॉर्वेने बंद केला. ब्रिटनमध्ये सेन्सॉरने काटछाट न करता चौदा वर्षांवरच्यांसाठी परवानगी दिली, तरी कित्येक नगरपालिकांनी तो अडवला. त्यांतल्या काहींच्या हद्दीत एकही सिनेमागृह नव्हतं! इंग्लंड आणि वेल्समधला धर्मनिंदेचा कायदा २००८ मध्ये रद्द झाला.

एक आक्षेप मात्र मी बाजूला सारणार नाही. शेवटी ब्रायनसह अनेक जण क्रुसावर आहेत आणि तिथेच ते आनंदी गाणं म्हणू लागतात. रोमन लोक हजारोंना अशी शिक्षा देत, हे ऐतिहासिक स्पष्टीकरण खरं आहे. पण ज्याच्यासाठी क्रूस हेच तारणाचं चिन्ह आहे, त्याचं मन त्याने भरत नाही. बिशपांचं दुखणं खोटं नव्हतं. दिग्दर्शक टेरी जोन्स म्हणत की हा सिनेमा देवनिंदा करत नाही, तो चर्चला आव्हान देतो. मला ते पटतं, तरी पूर्ण सिनेमा पाहून एखादा श्रद्धाळू दुखावला गेला, तर त्याच्या मताला मी मगरिज यांच्या मतापेक्षा जास्त किंमत देईन.

आणि क्रुसावरच्या त्या गाण्याचं पुढे काय झालं तेही त्या श्रद्धाळूने लक्षात घ्यावं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात क्षेपणास्त्राने पेटलेल्या 'शेफील्ड' युद्धनौकेवरचे खलाशी सुटकेची वाट पाहताना हेच गाणं गात होते. आज ब्रिटनमध्ये अंत्यसंस्काराच्या वेळी ते सर्रास लावलं जातं, आणि लावायला सांगणारे असतात मृताच्या घरचेच लोक.