धार की देवास?

ईस्टरनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातील गोष्ट. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येतो तो आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब ओटीवर वाट पाहत बसलेले. वडील वसईचे जुने वाडीवाले, आई, थोरला मुलगा, शिक्षिका असलेली सून आणि तिच्या मांडीवर दीड वर्षाची मुलगी. मुलगा फिटरचे काम शिकून तयार झालेला असून त्याच्या हातांत नोकरीची दोन पत्रे होती. एक देवासच्या कारखान्याचे, दुसरे पीथमपूरच्या. देवासला पगार थोडा अधिक होता. पीथमपूर हे धार जिल्ह्यात पडते, आणि सुनेची एक मावशी नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे धार शहरात राहत असल्याने तिने अर्धे घर देऊ केले होते.

"फादर, आम्ही यांना कोठे पाठवावे?" वडिलांनी विचारले. मुलगा पस्तिशीकडे झुकलेला, स्वतः बाप झालेला. तरी 'पाठवावे' हाच शब्द. आम्ही मनातल्या मनात हसलो.

वाचकहो, हा प्रश्न आज एका घरचा राहिलेला नाही. आपली मुले आखातात जातात, अमेरिकेत जातात, आणि तेथेही या शहरात राहावे की त्या, असा खल करीत बसतात. भाडे किती, शाळा कशी, थंडी किती, हे सारे विचारले जाते. परंतु जेथे आपण जन्म काढणार त्या गावाची खरी परीक्षा कशाने घ्यावी, हे सहसा कोणी सांगत नाही. आम्ही इतकेच म्हणालो, "निर्णय मे महिन्यात घ्या, आणि दोन्ही गावे आधी डोळ्यांनी पाहून या. हिवाळ्यात माळवा कोणालाही आवडेल." शेवटी आम्हांलाही त्यांच्याबरोबर जावे लागले, कारण सेमिनरीतील आमचे एक सोबती माळव्यात काम करतात व त्यांच्याकडे उतरण्याची सोय होती. रविवारच्या मिस्साची चौकशीही त्यांनीच करून ठेवली होती.

निघण्यापूर्वी मुलाच्या आईने एक शंका काढली. देवास हे नाव तिला ठाऊक होते ते धन्य सिस्टर राणी मारिया यांच्यामुळे. त्या जिल्ह्यातील उदयनगर येथे गोरगरिबांत काम करणाऱ्या या धर्मभगिनीचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी खून झाला. "तसल्या मुलखात पोराला धाडायचे?" असे ती माउली म्हणाली. आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. उदयनगर देवास शहरापासून बरेच दूर आहे. आणि ज्याने तो खून केला त्याला सिस्टरांच्या सख्ख्या बहिणीने पुढे तुरुंगात जाऊन राखी बांधली. तेव्हा त्या जिल्ह्याची आठवण ठेवायची तर ही दुसरी गोष्टही ठेवावी.

मराठी माणसाला ही दोन्ही गावे परकी नाहीत. अठराव्या शतकात पवार घराण्याने धारला एक व देवासला दोन गाद्या स्थापिल्या. देवासच्या दोन गाद्या म्हणजे तुकोजीराव व जिवाजीराव या भावांच्या. थोरली पाती व धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे! थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी त्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. धार त्याहून कितीतरी पुरातन, परमारांच्या भोजराजाची राजधानी. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव यांचा जन्म धारच्या किल्ल्यात १७७५ साली झाला. ही सर्व संस्थाने १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. जुन्या मराठी घरांची वस्ती दोन्हीकडे अजून आहे, आणि त्यांचे मराठी ऐकताना मध्येच एखादा माळवी शब्द कानी पडला की मोठी गंमत वाटते.

त्याच १९४८ सालच्या जानेवारीत एका तरुण गायकाने राहण्यासाठी देवास निवडले. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठले होते व कोरड्या हवेत राहणे त्यांना आवश्यक झाले होते. पत्नी भानुमतीबाईंनी तेथे शाळेत नोकरी धरली. कित्येक वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायकांची गाणी त्यांच्या कानी येत राहिली. क्षयावरील नवे औषध लागू पडले आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याची वाट मोकळी होती. परंतु १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी देवास सोडले नाही. आमच्या सुनबाईंना ही हकिकत गाडीत सांगितली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे घर त्या बाईंच्या पगारावर चालले." ते आमच्या ध्यानात आले नव्हते.

प्रथम धारला गेलो. इंदूरपासून साठ-पासष्ट किलोमीटर. रेल्वेच्या बाबतीत या शहराने फार वाट पाहिली. इंदूर-दाहोद मार्गाची कोनशिला २००८ मध्ये बसली, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे धारकरांना गाडीसाठी इंदूर गाठावे लागले. परंतु पाण्याच्या बाबतीत पूर्वजांनी हात आखडता घेतला नव्हता. साडेबारा तलावांचे गाव ही धारची जुनी ओळख. मुंज सागर हे एका तलावाचे नाव तर भोजराजाचा चुलता मुंज याचे स्मरण देते. आम्ही संध्याकाळी काठावर गेलो तेव्हा मे असूनही पाणी होते. काठावर कचरा होता, नाकाला रुमाल लावावा अशा जागाही होत्या. तलाव आहेत म्हणून ते नीट राखले आहेत असे आम्ही म्हणणार नाही. तरी मावशींच्या घरी पाहुणचार उत्तम, गाव शांत, माणसे बोलकी. आमचे मन तेथेच बसले. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पीथमपूरची बस धरून गेला आणि येऊन म्हणाला, जाण्यायेण्यातच रोजचे अडीच-तीन तास जातील.

देवासला जाण्यापूर्वी आमच्या सोबत्यांनी त्या गावाची कथा सांगितली. ती आम्हांस फार लागली. देवासलाही पूर्वी तलाव होते. पुढे कारखाने आले, १९७४ मध्ये नोटांचा सरकारी छापखाना आला, वस्ती वाढली, आणि तलाव एकेक करून बुजवले गेले. त्यांवर घरे व कारखाने उभे राहिले. पाणी जमिनीतून उपसता येईल, असा भरवसा होता. परंतु माळव्याच्या काळ्या मातीखाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी. विंधन विहिरी खोल खोल गेल्या आणि कोरड्या पडल्या. अखेर २५ एप्रिल १९९० रोजी इंदूरहून पन्नास टाक्या पाणी घेऊन आगगाडी देवासच्या स्थानकात आली, आणि ढोल वाजवून तिचे स्वागत झाले! पाणी पिण्यासाठी आगगाडीची वाट पाहणारे शहर.

हे ऐकत असता मुलाचे वडील खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या वाडीत आजोबांच्या हातचे बावखल आहे, आणि ते बुजवून भाड्याच्या चार खोल्या काढायच्या व त्या पैशांतून मुलाला परगावी घर घेऊन द्यायचे, असा बेत त्यांनी आम्हांला आधीच सांगितला होता. आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. वसईची किती बावखले अशीच मातीखाली गेली हे आम्ही जाणतो. टँकरांनी वसईचे गोडे पाणी उपसून नेण्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो व हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक काय सांगावे? आणि आपल्याकडे जेवढा पाऊस पडतो, त्याच्या निम्माच तिकडे.

परंतु देवासची गोष्ट तेथे संपत नाही. तहानलेल्या गावाने पुढे शिकूनही घेतले. छतावरील पावसाचे पाणी खडीच्या गाळणीतून थेट विंधन विहिरीत सोडण्याची तेथे रूढ झालेली रीत 'देवास फिल्टर' या नावाने दूरवर गेली. गाळणी कसली, मोठ्या नळाचा तुकडा! जिल्ह्यात २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांत हजारो तळी खोदली. शेताचा काही भाग तळ्याला देणे म्हणजे काय, हे वाडीवाल्याला समजावून सांगायला नको. यांखेरीज नर्मदेचे पाणी लांबून उचलून आणण्याच्या योजनाही झाल्या, त्यांतील एक क्षिप्रेला जोडणारी २०१४ मध्ये. आमचे मत विचाराल तर दूरच्या नदीवर जगणाऱ्या गावाने फार निर्धास्त राहू नये.

देवासला दोन दिवस घरे पाहिली. मुलगा स्वयंपाकघर व गच्ची पाही. सुनबाई घरमालकिणीला गाठून विचारीत, नळ कधी येतो, मागच्या मेमध्ये काय केलेत, बोअर किती फूट आहे. तिसऱ्या घरी मालकिणीने त्यांना हाताला धरून मागच्या दारी नेले आणि बोअरला बसवलेली गाळणी दाखविली. दोघी तेथे बराच वेळ उभ्या होत्या.

रात्री जेवताना आम्ही धारच्या बाजूने बोललो, हे कबूल करतो. नात्याचे माणूस, शांत गाव, डोळ्यांना दिसणारे पाणी. सुनबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "फादर, धारला राहिलो तर हे पहाटे जातील तेव्हा पोर झोपलेली, येतील तेव्हाही झोपलेली. पाण्याचे मी बघेन. बापाचे कसे बघू?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. वडिलांनी मान हलविली. 'पाठवावे' हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती तिघे देवासला गेली. ऑगस्टमध्ये सुनबाईंचे पत्र आले. पहिल्या दोन पावसांचे पाणी त्यांनी गच्ची धुऊन बाहेर सोडून दिले व तिसऱ्या पावसापासून गाळणीकडे वळविले. मुलगी संध्याकाळी दारात बसून बापाची वाट पाहते. शेजारच्या मराठी आजींनी तिच्यासाठी झबले शिवले आहे. पत्र सासऱ्यांनी आम्हांला ओटीवर बसून वाचून दाखविले, आणि गाळणीचा मजकूर दोनदा वाचला. बावखलाचे त्यांनी काय ठरविले आहे, ते आम्ही अद्याप विचारलेले नाही.